तोंडाला कोरड पडते? आधी लाळ मोजा

तोंड सुकतं म्हटलं की कुणीतरी लिंबू चोखायला सांगतंच. कृपा करून ऐकू नका. लाळ कमी असताना आंबटामुळे दातांचं वरचं आवरण झिजतं. कोरड कशाने पडते, हे तर कळतच नाही.

सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान मोजा. त्याआधी दीड तास खाणं, चहा, ब्रश, सुपारी बंद, पोहे-जिलेबी नंतर. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या आणि रिकामी वाटी तोलून ठेवा.

अडतं ते पुढे. थुंकायचं नाही! इथे इंदूरला, रामबागेत माझ्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांना ही पायरी समजावताना माझा कस लागतो. ‘थुंका’ म्हटलं की माणूस गाल आत ओढतो, जीभ फिरवतो, घसा खाकरतो. त्या हालचालीनेच लाळ सुटते आणि आकडा फुगतो. म्हणून मी सांगते, ‘आजी, एकदा गिळून घ्या. आता मान खाली, ओठ किंचित उघडे, आणि लाळ आपोआप वाटीत गळू द्या.’ पाच मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. फोडणीचा वास येत असेल तर स्वयंपाकघराचं दार लावा. शेवटी तोंडात उरलेली लाळ एकदाच वाटीत सोडा. सिरिंजने मिली मोजू नका, फेस फसवतो. वजनच करा; एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली.

पाच मिनिटांत अर्ध्या ग्रॅमहून कमी भरली, तर लाळ खरोखर कमी आहे. निरोगी माणसाची मिनिटाला ०.३ ते ०.४ मिली असते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजा.

मग डॉक्टरांकडे सगळ्या गोळ्यांची यादी न्या, एकही न वगळता. लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन पोटातून घेतलं की आतड्यात आणि यकृतात सीवायपी३ए४ हे एन्झाइम त्याचं रूप बदलतं, आणि तयार होणारा पदार्थ तोंड सुकवतो. तेच औषध कातडीवरच्या पट्टीतून दिलं तर कोरड कमी पडते. नैराश्यावरचं पॅरोक्सेटिन सीवायपी२डी६ या दुसऱ्या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे सोबत घेतलेल्या अमिट्रिप्टिलिनचं, म्हणजे नैराश्यावरच्याच पण तोंड सुकवणाऱ्या औषधाचं, रक्तातलं प्रमाण वाढतं. तुमची गोळी एकटी निर्दोष दिसेल, जोडीने त्रास देईल. मात्र स्वतःच्या मनाने कोणतीच बंद करू नका.

तोवर घोटघोट पाणी, फ्लोराइडची पेस्ट, साखर नसलेलं च्युइंगगम. कवळी असेल तर रात्री काढून ठेवा.