मूल विचारतं तेव्हा भाकरी थापत राहा

पोर वयात आलं की शरीराबद्दल, लैंगिकतेबद्दल सांगायला आईबाप एखादा दिवस ठरवतात, दार लोटतात, समोर बसवतात आणि म्हणतात, "तुझ्याशी जरा बोलायचंय." तसं करू नका. आपलं काहीतरी चुकलंय असं पोराला वाटतं आणि ते मिटून जातं.

माझी आई चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात उपकेंद्रावर नर्स होती. १९७०च्या दशकात आम्हा तिघा भावंडांना तिनं जे सांगितलं, ते चुलीपुढे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापताना. तिची नजर तव्यावर, आमची जाळावर. नजरेला नजर द्यायची नसली की लाजऱ्या पोराचीही जीभ सुटते. तुमच्याकडे चूल नसेल तर मेथी निवडायला बसा, नाहीतर मोटरसायकलवर मागे घेऊन शेतात चला.

"हे तुला कुणी सांगितलं?" हा प्रश्न मात्र तोंडातून काढूच नका. माझा भाऊ बारा वर्षांचा असताना त्यानं आणि त्याच्या मित्रांनी आईच्या पेटीतली निरोध कंडोमची पाकिटं फोडून धाब्यावर फुगे फुगवले. शेजारच्या काकू ओरडत आल्या. आईनं उरलेली पाकिटं मोजली, कारण सरकारी हिशेब द्यावा लागे. मारलं नाही. रात्री पीठ मळताना मूल कसं राहतं आणि हे कशासाठी वापरतात ते सांगितलं. भाऊ म्हणाला, "म्हणजे भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण याचाच?" "हो, याचाच. आणखी काय इचारनं शे, ते माले इचार."

अवयवांची नावं खरी सांगा. आमच्या गल्लीत बाई बाजूला बसली की "कावळा शिवला" म्हणत. मी निंबावर तो कावळा शोधायचे. आईनं मला गर्भाशय, अस्तर, पाळी हे शब्द नवव्या वर्षी दिले, रक्त दिसायच्या आधी. दहाव्या-अकराव्या वर्षीही पाळी येते, तेव्हा उशीर करू नका. आणि मुलग्यांना बाहेर पाठवू नका; माझा भाऊ तिथंच बसलेला होता. मराठीत हे बोलता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी आठवावं, संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांनी १९२७पासून १९५३मध्ये जाईपर्यंत आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हेच मराठीत लिहिलं, त्यापायी खटलेही सोसले.

मुलग्यांची भीती आपल्याला कळतच नाही, म्हणून त्यावर जास्त सांगते. चौदाव्या वर्षी भावाचं जेवण तुटलं. भरीत आणि कळण्याची भाकरी समोर असून तो उठून जायचा. पहाटे स्वतःची चादर धुवायचा. रेल्वेलाइनकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग, कमजोरी' अशा जाहिराती रंगवलेल्या असायच्या, आणि रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरलेलं. आपण झिजून मरणार, असं तो धरून बसला होता. आईनं चादर पाहिली, पण चादरीबद्दल अवाक्षर काढलं नाही. भाकरी उलटत म्हणाली, "झोपेत वीर्य जातं, ते या वयाच्या पोरांचं होतंच. ते वृषणात आणि आतल्या ग्रंथींत तयार होतं, रक्त आटून नाही. लोक त्याला स्वप्नदोष म्हणतात. त्यात दोष कसला?" त्या रात्री त्यानं तीन भाकरी खाल्ल्या.

तुमच्या पोराच्या हातात त्या भिंतींच्या जागी फोन आहे. त्यावर पोरानं अश्लील व्हिडिओ पाहिल्याचं कळलं तर फोन हिसकावू नका. ते बहुधा कॅमेऱ्यापुढे पैसे देऊन करवून घेतलेलं असतं, घराघरांत माणसं तशी वागत नाहीत, हे सरळ सांगा. नको म्हटलं की थांबायचं, हे मुलग्याला आणि मुलीला सारखंच सांगा. कुणी अंगाला हात लावून "घरी सांगू नको" म्हणालं, तर त्याच दिवशी सांगायचं. तो माणूस नात्यातला असला तरी. अठराच्या आतल्या मुलांसाठी २०१२पासून वेगळा कायदा आहे.

उत्तर येत नसेल तर थाप मारू नका. "मला बाराव्या वर्षी पाळी आली, मग ताईला पंधराव्या वर्षी का?" असं मी विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "नक्की नाही माहीत. मीटिंगला जाईन तेव्हा डॉक्टरांना विचारते." मी विसरून गेले. आठ दिवसांनी ती संध्याकाळच्या एसटीनं आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच आम्हा दोघी बहिणींना हाक मारली.