लोह आणि रोगकारक जनुकं: प्रयोग करताना या चुका टाळा

फर हे जिवाणूंमधलं प्रथिन फेरस लोह जोडलं गेलं की डीएनएवर बसतं आणि सिडरोफोर (बाहेरचं लोह पकडून आणणारे छोटे रेणू) बनवणारी जनुकं दाबून ठेवतं. लोह कमी पडलं की ते सुटतं आणि जनुकं चालू होतात. हे सगळ्यांना पाठ असतं. घोटाळा होतो तो फ्लास्कमध्ये: वर ‘कमी लोह’ असं लेबल आणि आत जिवाणूला पुरून उरेल इतकं लोह. मग ‘जनुक चालूच होत नाही’ म्हणून प्रायमर बदलले जातात, स्ट्रेनवर संशय घेतला जातो.

आधी भांडी बघा. काचेला चिकटलेलं लोह साबणाने निघत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून आयनमुक्त पाण्याने पुन्हापुन्हा खळबळावं लागतं, नाहीतर सरळ प्लास्टिक वापरा. मीडियम (वाढीचं द्रावण) चिलेक्स या धातू पकडणाऱ्या रेझिनमधून काढलंत तर लोहाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, मँगेनीज आणि झिंकही जातं. ते शुद्ध क्षारांच्या रूपात परत घातलं नाही, तर मॅग्नेशियमअभावी खुंटलेली वाढ तुम्ही लोहाच्या खात्यावर टाकाल. यावर खात्रीचा उपाय एकच: शेजारी त्याच मीडियमचा दुसरा फ्लास्क ठेवा आणि त्यात फक्त लोह घाला. वाढ सावरली आणि जनुक पुन्हा दबलं, तरच तो लोहाचा परिणाम. हा कंट्रोल नसलेल्या आलेखावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रीकल्चरकडे (प्रयोगाआधी वाढवून घेतलेल्या पेशींकडे) तर हमखास दुर्लक्ष होतं. एलबी या नेहमीच्या पोषक मीडियममध्ये वाढलेल्या पेशी फेरिटिन आणि बॅक्टेरिओफेरिटिन या प्रथिनांमध्ये लोहाचा साठा घेऊन येतात आणि पुढच्या काही पिढ्या त्या शिदोरीवर निघतात. म्हणून पेशी धुऊन घ्या आणि प्रीकल्चरही कमी लोहातच वाढवा.

चिलेटर (लोह पकडून ठेवणारं रसायन) निवडताना जिवाणू कोणता आहे ते आधी पाहा. डायपिरिडिल पेशीच्या आत शिरतं आणि इतर धातूही पकडतं. डेफेरॉक्सामिन तर मुळात स्ट्रेप्टोमायसिसचा सिडरोफोर आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि येर्सिनिया एन्टेरोकोलिटिका त्यातलं लोह आरामात वापरतात. उपाशी ठेवायच्या जिवाणूला आपणच जेवू घालतो. शरीरातलं जादा लोह काढायला डेफेरॉक्सामिन घेणाऱ्या रुग्णांमध्ये येर्सिनियाचा संसर्ग बळावण्याचा धोका असतो, तो यामुळेच.

सिडरोफोर तपासायला १९८७ साली श्विन आणि नीलँड्स यांनी दिलेली सीएएस पद्धत सोपी आहे. निळ्या अगारवर वसाहतीभोवती नारिंगी वलय उमटतं. पण सायट्रेटसारखे पदार्थही लोह ओढून तेच वलय देऊ शकतात. सिडरोफोर न बनवणारा म्युटंट त्याच प्लेटवर लावा. शिवाय या अगारमधला डिटर्जंट अनेक ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना सोसत नाही, त्यामुळे ‘वाढ नाही’ म्हणजे ‘सिडरोफोर नाही’ असं धरू नका.

रिपोर्टर (जनुक चालू आहे का ते दाखवणारं खुणेचं जनुक) जास्त प्रती असलेल्या प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएवर) ठेवला असेल तर सावध राहा. फर बसायच्या जागा इतक्या वाढतात की असलेलं फर त्यांतच वाटलं जातं आणि लोह भरपूर असतानाही गुणसूत्रावरची जनुकं सुटतात. (याच गुणाचा उपयोग करून फरच्या जागा शोधण्याची पद्धतही आहे.) शक्यतो रिपोर्टर गुणसूत्रावरच, एकाच प्रतीत बसवा. क्यूपीसीआरसाठी (जनुक किती चालू आहे ते मोजण्यासाठी) ई. कोलायमध्ये सॉडबी किंवा एसडीएच ही जनुकं तुलनेचं संदर्भजनुक म्हणून घेऊ नका: कमी लोहात आरवायएचबी हे छोटं आरएनए त्यांनाच खाली आणतं. आणि नमुने घड्याळ बघून नको, सारख्या ओडीला (कल्चरच्या गढूळपणाच्या मापाला) घ्या.

राहिला रोगकारकतेचा प्रश्न. सगळ्यात घाईचे निष्कर्ष इथेच निघतात. एक सिडरोफोर काढून प्राण्यात फरक दिसला नाही, तर ‘हे जनुक बिनमहत्त्वाचं’ असं लिहून मोकळं होऊ नका. बहुतेक रोगकारकांकडे दुसरी सोय असते. उलटही घडतं. आपलं शरीर लिपोकॅलिन-२ हे प्रथिन वापरून एन्टेरोबॅक्टिन हा सिडरोफोर पकडून ठेवतं, पण त्यावर साखर जोडून बनलेलं साल्मोकेलिन त्याच्या हाती लागत नाही. त्यामुळे साल्मोकेलिन गमावलेला साल्मोनेला मीडियममध्ये धडधाकट आणि सुजलेल्या आतड्यात दुबळा दिसू शकतो. टॉनबी (सिडरोफोर आत घ्यायला ऊर्जा पुरवणारं प्रथिन) काढलंत तर व्हिटॅमिन बी-१२ ची आयातही थांबते, तेव्हा दोष एकट्या लोहावर टाकता येत नाही.

विषाचं जनुक लोहाच्या ताब्यात आहे हेही गृहीत धरू नका. घटसर्पाच्या जिवाणूत डीटीएक्सआर (फरसारखाच लोहावर चालणारा नियंत्रक) विषाचं जनुक दाबतो, जरी ते जनुक फाजने (जिवाणूंच्या विषाणूने) आणलेलं असलं तरी. शिगा विषांपैकी पहिलं फरच्या ताब्यात आहे, दुसरं नाही. म्हणून ई. कोलायचा स्ट्रेन हाती घेतलात की त्यात यांपैकी कोणतं विष आहे ते पीसीआरने आधी बघा. चिलेटर किती घालायचं ते त्यानंतर ठरवा.