मांजर आणि कुंड्या एकाच घरात ठेवायच्या तर काय करायचं

आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो, गॅलरीत तीसेक कुंड्या आणि घरात दोन मांजरं, मनी आणि तिचा बोका. तीन वर्षांपूर्वी मनीने डिफेनबेकियाचं पान चावलं आणि तोंडातून लाळेची धारच लागली, पंजाने तोंड घासत घरभर फिरत होती बिचारी, दोन दिवस धड खाल्लं नाही. ते झाड मला नर्सरीत "काही काळजी लागत नाही बेन" म्हणून दिलेलं. तेव्हापासून झाड आणायच्या आधी त्याचं खरं नाव विचारते आणि मांजराला चालतं का ते बघते, तुम्हीही तेवढं कराच.

सगळी झाडं सारखी विषारी नसतात हे आधी समजून घ्या, नाहीतर घाबरून सगळंच टाकून द्याल. जी जीव घेतात ती थोडी आहेत पण त्यांच्या बाबतीत अजिबात तडजोड नको. पहिला नंबर लिलीचा. बुके मध्ये येते ती मोठी सुगंधी लिली आणि बागेतली डे लिली, या दोन्हींनी मांजराची किडनी निकामी होते, पान खायलाच पाहिजे असंही नाही, पराग अंगावर सांडले आणि तिने अंग चाटलं किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायली तरी पुरतं. आपल्याकडे लिली नावाखाली काहीही विकतात त्यामुळे घोळ होतो. पीस लिली ही खरी लिली नाहीच, तिने तोंड जळतं पण किडनी जात नाही. स्पायडर लिलीने उलट्या होतात. लग्नाबिग्नातून बुके घरी आला की मी लिलीच्या काड्या दाराबाहेरच काढते, गुलाब, जरबेरा राहू देते, त्यांचा त्रास नाही.

दुसरं सायकस, म्हणजे सागो पाम, सोसायटीच्या गेटपाशी दोन बाजूंना असतंच बघा. त्याने लिव्हर जातं, बी तर सगळ्यात वाईट. मग कण्हेर, इथे करेण म्हणतात ती, आणि तिचंच नातेवाईक अडेनियम, दोन्ही हृदयावर जातात. सदाफुली (इथली बारमासी) आणि पानफुटी पण मांजराच्या वाटेत नको. गौरीच्या वेळी कोणी कळलावीची फुलं आणली तर ती उंच आणि बंद खोलीत ठेवा, त्याचा कंद तर फारच जहाल.

मनी प्लांट, सिंगोनियम, अग्लोनिमा, मॉन्स्टेरा यांच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं की तोंड जळतं, लाळ गळते, उलटी होते, सहसा जीव जात नाही. कोरफड आणि स्नेक प्लांटने पोट बिघडतं. ही ठेवायची तर टांगून. आपल्या आज्या दूध-लोणी मांजरापासून वाचवायला शिंक्यात ठेवायच्या तसंच, फक्त खाली फ्रीज किंवा कपाट नको कारण तिथून उडी पोचते, वेल लोंबायला लागला की कापायचा आणि छताचा हूक पक्का बघायचा, शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं असं व्हायला नको. अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, कॅलेथिया, पेपेरोमिया ही बिनधास्त खाली ठेवा, फारतर पानं कुरतडलेली दिसतील.

आता झाडांचं. मांजराला गवत चघळायचं असतंच, ती सवय मोडत नाही, मग तिला तिचं गवत द्या. नवरात्रात घटाला गहू पेरतो तसेच पसरट कुंडीत मूठभर पेरायचे, आठवड्याभरात हिरवंगार, पिवळं पडायच्या आत दुसरी कुंडी तयार. आमच्या घरी हे सुरू केल्यापासून स्पायडर प्लांटला निम्म्याहून कमी त्रास आहे.

माती उकरणं आणि त्यातच शी करणं हा दुसरा ताप. मे महिन्यात इथे पारा बेचाळीसवर जातो तेव्हा मनी पाणी घातलेल्या कुंडीत जाऊन बसते, थंडावा शोधत असते ती, तेव्हा तिच्यासाठी ओलं फडकं पसरलेली फरशीची जागा करून दिली. मातीवर मुठीएवढे गोटे दाटून लावा किंवा नारळाच्या शेंड्या दाबून बसवा. लिटरचे म्हणजे शी-शूचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा, आमच्याकडे तीन आहेत. डांबरगोळ्या कुंडीत टाकू नका, हा सल्ला शेजारपाजारचे हमखास देतात आणि त्या मांजराला विषारी असतात.

खताचंही बघा. आपल्या गुजरातेत एरंड भरपूर त्यामुळे दिवेलीचा खोळ म्हणजे एरंडीची पेंड कुठल्याही नर्सरीत मिळते, पण तिच्यात रायसिन नावाचं विष राहू शकतं आणि वास चांगला लागतो म्हणून जनावरं खातात. बोनमीलचंही (हाडांचा चुरा) तेच, वासाला भुलून खातात आणि पोटात गोळा होतो. मी फक्त गांडूळखत घालते.

खाल्लंच तर ओल्या फडक्याने तोंड पुसा, अंगावरचे पराग धुवा, चाटू देऊ नका, आणि पानाचा तुकडा किंवा फोटो घेऊन लगेच डॉक्टरकडे निघा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, पॅरासिटामॉल तर चुकूनही नाही, मांजराला ते विषच. लिलीच्या बाबतीत "बघू सकाळी" अजिबात नको. उलट्या थांबून मांजर बरं वाटायला लागतं आणि एक ते तीन दिवसांत किडनी बसते, पहिल्या 18 तासांत सलाईन सुरू झालं तर वाचायची शक्यता खूप जास्त. रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून नंबर फ्रीजवर चिकटवा.