बॅकअपसाठी पेनड्राइव्ह की हार्ड डिस्क? घेण्याआधी या चुका टाळा

मार्च संपत आला की नौपाडा-पाचपाखाडीतल्या सीए ऑफिसांतून आणि पाऊस लागला की तळमजल्यावरच्या दुकानांतून मला सारखेच फोन येतात. कॉम्प्युटर चालू होत नाही, पण आवाजात घाबरगुंडी नसते, कारण ‘बॅकअप आहे ना!’ मग मी तीन गोष्टी विचारतो. कशावर आहे? शेवटचा कधी घेतला? उघडून कधी पाहिला? पहिल्याचं उत्तर झटकन येतं, दुसऱ्याला आठवावं लागतं, तिसऱ्याला समोरचा गप्प होतो.

ठाणे आणि नवी मुंबईत दुरुस्तीची कामं करताना त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय. लोक टीबी किती आणि रुपये किती एवढंच बघून वस्तू उचलतात. तिच्यावर काय ठेवायचं, किती वर्षं ठेवायचं, याचा विचार घरी आल्यावरही करत नाहीत.

हजार रुपयांच्या आत दोन टीबी

घोडबंदर रोडला क्लास चालवणारे एक सर आहेत. गणित उत्तम शिकवतात. रेकॉर्ड केलेल्या लेक्चर्सनी लॅपटॉप भरला म्हणून त्यांनी ऑनलाइन दोन टीबीचा पेनड्राइव्ह मागवला, हजाराच्या आत. लावला, विंडोजने दोन टीबीच्या आसपास जागा दाखवली, सर खूश. रात्रभर कॉपी लावली. सकाळी फोल्डर जागच्या जागी, फाइलींची नावं बरोबर, साइजही बरोबर. मग सरांनी लॅपटॉप फॉरमॅट करून घेतला.

पुढच्या बॅचच्या वेळी व्हिडिओ उघडले. पहिले काही धडे चालले, पुढचा एकही नाही. सर पेनड्राइव्ह घेऊन आले आणि मला साइज दाखवत राहिले. ‘अहो, फाइल एक जीबीची दिसतेय ना? मग गेली कुठे?’

गेली कुठेच नाही, कारण ती लिहिलीच गेली नव्हती. अशा पेनड्राइव्हमध्ये चिप असते ३२ किंवा ६४ जीबीची आणि कंट्रोलरमध्ये, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या भागात, खोटा आकडा भरलेला असतो. कॉम्प्युटर त्या आकड्यावर विश्वास ठेवतो. फाइलींची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत बसते, म्हणून नावं आणि साइज नीट दिसतात. खरी जागा संपली की काही पेनड्राइव्ह पुढचा डेटा मुकाट टाकून देतात. काही पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागतात, म्हणजे फळा भरल्यावर न पुसताच जुन्या अक्षरांवर लिहीत सुटावं तसं. सरांचा पहिल्या जातीचा निघाला, म्हणून निदान सुरुवातीचे धडे तरी वाचले. बाकीच्या धड्यांसाठी जगातलं कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर उपयोगाचं नव्हतं.

दोन टीबीचे खरे पेनड्राइव्ह निघालेत, पण त्यांची किंमत ऐकून तुम्ही हार्ड डिस्कच घ्याल. तपासायचा मार्ग सोपा आणि फुकट आहे. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw), मॅक आणि लिनक्सवर एफथ्री (F3). दोन्ही प्रोग्रॅम रिकामी जागा पूर्ण भरतात आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतात. नवा पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड हातात आलं की त्यावर काहीही टाकण्याआधी मी हे करतो, बिल कुठल्याही दुकानाचं असो. ६४ जीबीच्या साध्या पेनड्राइव्हला तास-दीड तास सहज लागतो. ‘एवढा वेळ कुणाकडे आहे?’ असं मला ऐकवतात. ज्यांच्याकडे हा वेळ नसतो त्यांच्याकडे नंतर रिकव्हरीवाल्याकडे हेलपाटे घालायला बरोबर वेळ असतो.

आणि पेनड्राइव्ह अस्सल असला तरी तो ने-आण करायची वस्तू आहे. हार्ड डिस्क मरायच्या आधी बहुतेकदा कुरकुरते, स्लो होते. पेनड्राइव्ह काल चालत होता आणि आज ओळखतच नाही, असा जातो. त्यातून तोच पेनड्राइव्ह स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायलाही जातो आणि येताना सगळे फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा व्हायरस घेऊन येतो.

कट-पेस्ट करून त्याला बॅकअप म्हणणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक.

ऐरोलीतला एक लग्नाचा फोटोग्राफर. मुलगा मेहनती, कॅमेरा महागाचा, पण लॅपटॉपची ड्राइव्ह कायम लाल, म्हणजे भरलेली. दर सीझनला तो जुनी लग्नं कट करून पोर्टेबल हार्ड डिस्कवर टाकायचा आणि छातीठोकपणे सांगायचा, ‘दादा, माझा सगळा बॅकअप असतो.’ बॅकअप कसला? सगळ्या लग्नांची एकुलती एक प्रत एका डिस्कवर होती आणि ती डिस्क सोफ्याच्या हातावर ठेवून तो गिऱ्हाइकांना अल्बमचे फोटो निवडायला दाखवायचा. गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या लहान मुलाचा पाय वायरीत अडकला आणि डिस्क खाली आली, तीही चालू असताना.

बंद डिस्क पडली तर नशीब साथ देऊ शकतं. चालू डिस्कची गोष्ट वेगळी. आतल्या तबकड्या मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. ते एकदा आपटलं की टक-टक, टक-टक असा आवाज सुरू होतो.

तो आवाज आल्यावर डिस्क काढून बाजूला ठेवायची असते. या पठ्ठ्याने ती प्रत्येक पोर्टला लावून पाहिली, मग शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरला लावली आणि शेवटी एक व्हिडिओ बघून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली. आपल्याकडच्या दमट हवेत फ्रीजरमधून काढलेल्या वस्तूवर काय होतं हे रोज दुधाची पिशवी काढणाऱ्याला सांगायला नको. माझ्याकडे आली तेव्हा डिस्क रुमालात गुंडाळलेली होती आणि रुमाल ओला होता.

‘दादा, केसिंग (बाहेरचा डबा) बदलून बघा ना.’ तेही जमण्यासारखं नव्हतं. हल्लीच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा पोर्ट डिस्कच्या स्वतःच्या बोर्डावरच सोल्डर केलेला असतो, आत काढून दुसऱ्या डब्यात बसवता येईल अशी नेहमीची साटा जोडणीची डिस्क नसतेच. शेवटी ती रिकव्हरी लॅबला गेली. तिथे धूळविरहित खोलीत त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची हेड्स काढून यात बसवतात. खर्च नव्या डिस्कच्या कैक पट आला, आणि तबकडीवर जिथे चरे पडले होते तिथलं काही आलं नाही. एका घरच्या हळदीचे फोटो मिळाले, लग्नाचे नाही मिळाले. ते त्या घरी जाऊन सांगायचं काम त्याचं त्यालाच करावं लागलं.

तेव्हा मूळ जागेवरून फाइल हलवली की बॅकअप होत नाही. ती दोन ठिकाणी असेल तरच होतो. लॅपटॉप भरलाय म्हणून जुनं काढायचंच असेल तर दोन डिस्क घ्या, दोन्हींवर तेच टाका, दोन्ही उघडून बघा आणि मगच लॅपटॉपवरून उडवा. मी दोन डिस्क एका दिवशी, एका कंपनीच्या घेत नाही. एका खोक्यातून आलेल्या जुळ्या बहिणी आजारीही एकदमच पडू शकतात. चालू डिस्क टेबलावर आडवी, भिंतीच्या बाजूला, आणि वायर पायात येणार नाही अशी. मांडीवर नाही, लॅपटॉपवर नाही, सोफ्यावर तर नाहीच.

डिस्क कायम लावून ठेवणं

वाशीच्या मार्केटपासून वागळे इस्टेटपर्यंत अनेक ऑफिसांत बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरला बाराही महिने लावलेली असते. ‘आपोआप होतं ना सगळं.’ हो, आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं की तेही आपोआप होतं. लावलेली प्रत्येक ड्राइव्ह त्याला सारखीच.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा असाच व्हायरस पसरला तेव्हा आपल्या न्हावा शेवाला मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं कामकाज अडकलं होतं. मर्स्कचं जगभरचं नेटवर्क पुन्हा उभं करायला एका डोमेन कंट्रोलरची (नेटवर्कवर कुणाला कुठे प्रवेश हे ठरवणाऱ्या सर्व्हरची) शाबूत प्रत हवी होती. बाकीचे सगळे एकमेकांशी जोडलेले, म्हणून सगळे एकदम पुसले गेले. प्रत सापडली घानाच्या ऑफिसात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती आणि तो सर्व्हर नेटवर्कवर नव्हता. एवढ्या मोठ्या कंपनीला गेलेल्या लाइटने तारलं. तुम्हाला फक्त वायर काढायची आहे. कॉपी झाली, उघडून पाहिली, इजेक्ट केलं, डिस्क कपाटात.

एसएसडी घेऊन कपाटात विसरणं

पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी फ्लॅश चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, पडली तरी सहसा टिकते, वेगवान असते, खिशात मावते. रोज ठाण्याहून महापे किंवा बेलापूरला नेणाऱ्याने खुशाल घ्यावी. पण वर्षानुवर्षं बंद ठेवायला मी ती देत नाही. फ्लॅशमध्ये डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं जे मानक आहे त्यात अपेक्षा एवढीच, की लिहिण्याची क्षमता वापरून संपलेल्या ड्राइव्हने ३० अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष डेटा धरावा. नवी ड्राइव्ह याहून बरीच जास्त टिकते, पण तापमान वाढलं की मुदत घटते, आणि मे महिन्यात कळव्यातल्या वरच्या मजल्यावरचं लोखंडी कपाट आतून किती तापतं ते हात लावून बघा. कपाटात ठेवायला साधी फिरती हार्ड डिस्क बरी. स्वस्तही पडते. तीही सहा महिन्यांतून एकदा लावून बघावी.

बाकीच्या, भराभर

डिस्क फॅट३२ (फाइली मांडायची जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर चार जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल तिच्यावर जाणार नाही, डिस्क रिकामी असली तरी. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, मॅकही असेल तर एक्सफॅट. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटची डिस्क इजेक्ट न करता उपटली तर नुकसानीची शक्यता जास्त, तेव्हा तिथे तरी घाई आवरा.

एक टीबी घेतली आणि ९३१ जीबीच दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

डेस्कटॉपवरचा आयकॉन कॉपी करून ‘टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप घेतला’ म्हणणारे अजून भेटतात. आयकॉनवर वाकडा बाण आणि साइज दोन केबी दिसली की समजा, नुसता रस्ता कॉपी केलात, घर नाही. टॅलीचा बॅकअप टॅलीच्या स्वतःच्या बॅकअपमधून घ्या आणि एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून बघा.

निळ्या (यूएसबी ३) पोर्टची डिस्क जुन्या यूएसबी २ पोर्टला लावून ‘स्लो आहे’ म्हणायचं नाही. तिथे ५०० जीबीला चार तास लागणारच.

डीव्हीडी: ४.७ जीबीसाठी एवढी खटपट आता कुणी करू नये. जुन्या असतील तर त्यातलं या आठवड्यात काढून घ्या. मुलाचं बारसं असलेल्या डीव्हीडीवर बुरशीचे ठिपके मी पाहिलेत.

डिस्कला पासवर्ड जरूर लावा, पण बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की त्याच लॅपटॉपवर सेव्ह करू नका. कागदावर लिहा आणि पासबुकाबरोबर ठेवा.

लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच बॅगेत, आणि बॅग लोकलच्या रॅकवर. यावर काय बोलणार?

मी स्वतः काय करतो

पीटर क्रोघ या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा नियम प्रसिद्ध आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. माध्यमं दोन प्रकारची असावीत याबद्दल मी घरगुती माणसाच्या फार मागे लागत नाही. दुसऱ्या ठिकाणाबद्दल लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ठाण्यातही पाणी घरात शिरलं होतं. कॉम्प्युटर आणि डिस्क एकाच टेबलाच्या खालच्या खणात असणाऱ्यांच्या प्रती किती होत्या याला काही अर्थ राहिला नाही. माझी एक डिस्क घरी असते, दुसरी नेरूळला बहिणीकडे, चौथ्या मजल्यावर. राखीला आणि भाऊबीजेला अदलाबदल होते, मधे जाणं झालं तर तेव्हाही. तिला वाटतं मी ओवाळून घ्यायला येतो.

नवी डिस्क आली की क्विक फॉरमॅटची टिक काढून पूर्ण फॉरमॅट, रात्री झोपताना. दोन टीबीला पाच-सहा तास लागतात, पण खराब जागा असेल तर वॉरंटीत आणि बिल हाताशी असतानाच कळते. मग क्रिस्टलडिस्कइन्फो, हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम, उघडून बघायचं. तिथे पिवळं ‘कॉशन’ (सावधान) आलं की डिस्क परत. जुन्या डिस्कवर आलं तर त्याच दिवशी नवी घ्यायची, पगाराची वाट बघायची नाही. दुरुस्ती कर, स्कॅन कर असले उपाय त्यावर करू नका. आधी डेटा काढा.

डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, डिस्कवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करने शेवटच्या कॉपीचा महिना. कॉपी झाल्यावर मी तीन फाइली उघडतो: सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी आणि कालची. व्हिडिओ असेल तर तो शेवटाकडे ओढून बघतो, कारण सुरुवात सगळ्यांचीच चालते.

नवी डिस्क भरली म्हणून जुनी लगेच विकू नका, महिनाभर तरी तशीच राहू द्या. आणि भंगारवाल्याला द्यायचीच असेल तर क्विक फॉरमॅट मारून देऊ नका, त्याने डेटा पुसला जात नाही. एक पूर्ण फॉरमॅट तिलाही करा.