पोस्टग्रेसचा रिस्टोअर रखडतोय? मेमरीच्या या चुका टाळा

बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करताना (म्हणजेच रिस्टोअर) डेटा झरझर भरला जातो आणि मग तासन्‌तास काहीच हलत नाही, ही पोस्टग्रेस डेटाबेस वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार. बहुतेकदा अडकलेलं काहीच नसतं. पीजी-रिस्टोअर हा रिस्टोअरचा प्रोग्राम आधी टेबलं भरतो; इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) आणि फॉरेन की (टेबलांमधले दुवे) नंतर. वेळ तिथेच जातो. घाईने प्रोसेस मारण्याआधी 'पीजी स्टॅट प्रोग्रेस क्रिएट इंडेक्स' हा व्ह्यू बघा (आवृत्ती 12 पासून आहे). इंडेक्सचं काम कुठवर आलंय ते त्यात दिसतं.

सर्रास होणारी चूक म्हणजे 'वर्क मेम' ही मेमरीची सेटिंग वाढवणं. ती क्वेरींमधल्या सॉर्ट आणि हॅशसाठी असते, इंडेक्स बांधताना तिचा उपयोग नाही. तिथे लागते 'मेंटेनन्स वर्क मेम', आणि तिचा डिफॉल्ट जेमतेम 64 एमबी. मोठ्या टेबलाचं सॉर्टिंग त्यात मावत नाही, मग टेम्प फाइल्स डिस्कवर जातात. 1-2 जीबी देऊन बघा. सर्व्हर रीस्टार्ट करावा लागत नाही. फक्त रिस्टोअरच्या सेशनपुरतीही ती देता येते, आणि तेच बरं. कायमची वाढवून विसरलात, तर ऑटोव्हॅक्यूमचा (टेबलांची आपोआप साफसफाई करणाऱ्या यंत्रणेचा) प्रत्येक वर्करही तीच मर्यादा धरतो, 'ऑटोव्हॅक्यूम वर्क मेम' वेगळी ठरवली नसेल तर.

आता गुणाकार. 'मेंटेनन्स वर्क मेम' 2 जीबी दिली आणि पीजी-रिस्टोअरला जॉब्ज (एकाच वेळी चालणारी कामं) 8 लावले, की एकाच वेळी 16 जीबीपर्यंत मागणी जाऊ शकते. मशीनच 16 जीबीचं असेल तर लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस बंद पाडणारी यंत्रणा) एखादी प्रोसेस मारतो, पोस्टग्रेस सगळीच कनेक्शन्स तोडतो आणि रिस्टोअर बोंबलतो. आधी जॉब्ज ठरवा, मग उरलेली रॅम वाटा. साध्या एसक्यूएल डंपला पॅरलल जॉब्ज चालत नाहीत. कस्टम किंवा डिरेक्टरी फॉरमॅटच हवा.

'शेअर्ड बफर्स' (पोस्टग्रेसची सामायिक कॅश) रॅमच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असेल तर त्याला हात लावू नका. डेटा भरतानाच गाडी अडत असेल तर लॉग उघडा. चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं) फार लवकर-लवकर होताहेत अशी तक्रार तिथे दिसली, तर 'मॅक्स वॉल साइझ' (दोन चेकपॉइंटमध्ये बदलांची नोंद किती साठू द्यायची ती मर्यादा) डिफॉल्ट 1 जीबीवरून बरीच वर न्या. याला कॉन्फिग रीलोड पुरतं.

'एफसिंक' (लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद करा, असा सल्ला मिळेल. मध्येच वीज गेली तर अख्खं क्लस्टर (त्या सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस) फेकून पुन्हा सुरुवात करायची तयारी असेल तरच ऐका, आणि त्यावर दुसरा चालू डेटाबेस असेल तर मुळीच नाही.

रिस्टोअर संपल्यावर ॲनालाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवा. त्याशिवाय क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर आंधळा असतो आणि लोक 'नवा सर्व्हर स्लो आहे' म्हणत पुन्हा मेमरीच वाढवत बसतात.