पालकवर्गाला पहिल्या दिवशी गर्दी, तिसऱ्या आठवड्यात चार डोकी? या चुका टाळा

इंदूरात पालकवर्ग, म्हणजे मुलांवर अत्याचार होऊ नयेत म्हणून पालकांशी बोलायचे वर्ग, सुरू करणं सोपंय हो. रामबागेत नाहीतर सुदामा नगरात एखादा हॉल, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज, चहा-पोहे, झाली नावं गोळा. पंचाईत होते तिसऱ्या आठवड्यात, खुर्च्या रिकाम्या दिसल्या की आयोजक म्हणतात आजकालच्या आयांना मुलांचं काही पडलेलंच नाही. मला हे अजिबात पटत नाही. यायची सक्ती कुणावरच नाहीये, मग लोक का गळतात ते आपल्या कामात शोधायला हवं ना.

बरीच कुटुंबं तर वर्गात पाऊल टाकायच्या आधीच गळतात. फॉर्म भरून घेतला आणि पंधरा दिवस फोन नाही, तोवर उत्साह उतरलेला असतो आणि घरात सासूबाईंनी विचारलेलं असतं, "आम्ही काय क्लास लावून मुलं वाढवली का?" म्हणून दोन दिवसांत फोन करा, आणि फोनवर कार्यक्रमाची माहिती ओतू नका, विचारा की सध्या घरात डोकं कशानं उठतंय, जेवण, मोबाईल, झोप की अभ्यास, आणि जे सांगतील तेच पहिल्या दिवशी घ्या. भावनिक जडणघडण वगैरे चौथ्या भेटीत आली तरी चालतं. सासूबाईंनाही बोलवा. त्यांना बाहेर ठेवलं तर सूनबाई फार दिवस येत नाहीत.

दुसरी चूक बॅनरवर असते. 'बालशोषण प्रतिबंध' असं मोठ्या अक्षरात लिहिलंत तर त्याखालून आत कोण जाईल, तेही जिथे अर्धा हॉल एकमेकांच्या नात्यातला आहे? 'मुलं ऐकत नाहीत? बोलूया' एवढं पुरे. पण आत आल्यावर लपवाछपवी नको. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही असं सांगताना अपवादही पहिल्याच दिवशी सांगा, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. हे आधी सांगितलं तर लोक पळतील ही भीती फुकटची, नंतर कळलं तर मात्र नक्की पळतात.

वेळेचं बघा. इथे बऱ्याच भागात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, नळाच्या वेळेला मीटिंग ठेवलीत तर बाई येणार कशी? रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक आणि अनंत चतुर्दशीच्या झांकीचा, म्हणजे चित्ररथांचा आठवडा सोडूनच द्या. बाबा लोक पीथमपूरच्या कारखान्यांतल्या शिफ्टमध्ये अडकलेले असतात, त्यांच्यासाठी रविवारी सकाळी वेगळी बैठक ठेवा. बक्षिसात स्टीलचे डबे वाटण्यापेक्षा तेच पैसे रिक्षाभाड्याला आणि लहानग्यांना सांभाळायला एक ताई बसवायला घाला.

भाषेचंही आहे. पुण्याहून मागवलेल्या मराठी पुस्तिका वाटतात, आजी वाचते, पण सून शिकलेली हिंदीत आणि नातू बोलतो हिंदी, मग घरात अमलात काय येणार? एकच पान करा, अर्धं मराठी अर्धं हिंदी, तेही बोलतो तसं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. कुणी एक भेट चुकवली की दुसऱ्या दिवशी फोन. "का नाही आलात?" हा प्रश्न नको, शाळेतून चिठ्ठी आल्यासारखं वाटतं. "झोपेचं ठरवलं होतं आपण, जमतंय का?" असं विचारा. जमत नसेल तर भेटी कमी करा, लांबवा, घरी जा. अमेरिकेत नर्स-फॅमिली पार्टनरशिप नावाचा कार्यक्रम आहे, डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकात त्याचं काम सुरू केलं, त्यात नर्स गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत घरी भेटी देते. तरीही आया मधेच सोडायच्या. मग भेटी किती आणि कशावर हे आईसोबत ठरवायला नर्सेसना शिकवलं, तेव्हा गळती कमी झाली. आपल्याकडे उलटं, बारा भेटी म्हणजे बाराच, एक चुकली की सर्टिफिकेट नाही! कशाला?

आणि जे सोडतोच म्हणतात त्यांना समजावत बसू नका. काय आवडलं नाही ते विचारा, लिहून घ्या, पुढच्या बॅचची तारीख सांगा, फोन नंबर ग्रुपमधून काढू का हेही त्यांनाच विचारा. रजिस्टरमध्ये पहिल्या दिवशीच्या सह्यांपेक्षा तिसऱ्या भेटीच्या सह्या मोजा, देणगीदारांना तोच आकडा दाखवा, कमी असला तरी.