उमेदवार समोर येण्याआधी निकष ठरवा

नोकरभरतीतला भेदभाव मुलाखतीच्या कितीतरी आधी, जाहिरातीच्या मसुद्यातच शिरलेला असतो. ‘तरुण व तडफदार’ असे लिहिताना आपण वयाची अट घालत आहोत, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. म्हणून त्या पदावर रोज नेमके कोणते काम करायचे आहे ते आधी लिहून काढावे आणि प्रत्येक अटीपुढे ती कोणत्या कामासाठी हवी, याची नोंद करावी. जिच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ती अट खोडावी. हिशेबनिसाकडे दुचाकीचा परवाना मागितला, पण काम सगळे टेबलावरचेच असले, तर एखादा अपंग उमेदवार विनाकारण बाद होतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ च्या १११ क्रमांकाच्या करारातली कसोटीही हीच आहे: वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय किंवा सामाजिक मूळ यांवरून डावलणे हा भेदभाव, मात्र कामासाठी मुळातच आवश्यक असलेली पात्रता मागणे हा भेदभाव नव्हे.

अर्जांची छाननी करणाऱ्याच्या हाती नाव, छायाचित्र आणि जन्मतारीख झाकलेले अर्ज द्यावेत. बॉस्टन व शिकागो येथे केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सारख्याच तोलाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणे आले, तर कृष्णवर्णीयांची वाटणारी नावे असलेल्यांना त्यासाठी पंधरा अर्ज लागले.

मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत. ‘मुले लहान आहेत, घरी कोण सांभाळते?’ हा प्रश्न आपुलकीने विचारला जातो खरा, पण तो पुरुषांना सहसा विचारला जात नाही. जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की महिन्यातून दोनदा येणारी रात्रपाळी जमेल का. मग तेच विचारावे, आणि सर्वांना विचारावे. प्रत्येक परीक्षकाने चर्चेआधी स्वतंत्रपणे गुण लिहावेत, नाहीतर वरिष्ठांनी ‘मुलगा चांगला वाटला’ म्हणताच बाकीच्यांच्या पेन्सिली त्याच दिशेने वळतात.

वेतनश्रेणीही आधीच ठरलेली असावी. मागील पगारावर नवा पगार बेतला, की जुन्या ठिकाणचा अन्याय आपल्याकडे चालू राहतो. नाकारलेल्या प्रत्येक अर्जावर कारण एका ओळीत लिहून ठेवावे. ‘आपल्यात रुळणार नाही’ एवढेच लिहिलेले दिसले, तर तो अर्ज पुन्हा उघडावा.